प्रादेशिक योजना रिव्हाईज होतेय, गावाने नेमकं काय मागावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगरपायथ्याच्या एका तालुक्यातला ग्रामपंचायतीचा तरुण सदस्य विचारतोय की आमच्या जिल्ह्याची प्रादेशिक योजना नव्याने करायला घेतलीय, जुनी वीसेक वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यात आमचं बहुतेक गाव हिरवं म्हणजे शेती झोनमध्ये आहे. हायवे चौपदरी झाल्यापासून पुण्या-मुंबईची माणसं गुंठ्यावर जागा विचारत येतात. गावात चर्चा चाललीय की ग्रामसभेत ठराव करून सगळं गाव पिवळं म्हणजे रहिवासी झोन करून मागायचं, गायरानसुद्धा त्यातच टाकायचं. असं करावं का, आणि नाही तर मग मागायचं काय?

मी तीस वर्षं नगररचना खात्यात काढली, तीन जिल्ह्यांच्या योजनांवर काम केलं, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो.

आधी पिवळ्याचं बोलू कारण गावात सगळा जीव त्यातच अडकलाय. प्रादेशिक योजना म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली अख्ख्या जिल्ह्याचा किंवा मोठ्या भागाचा नकाशा, कुठे वस्ती वाढू द्यायची, कुठे कारखाने, कुठे शेती, जंगल, रस्ते कुठून जाणार, कोणतं गाव बाजाराचं केंद्र होणार. ती एकदा मंजूर झाली की जमिनीचा वापर बदलायला परवानगी लागते, ग्रामीण भागात ती कलेक्टरकडून, आणि कलेक्टर पहिल्यांदा बघतो तो झोन. इथपर्यंत लोकांना माहीत असतं. पण पिवळा रंग लागला म्हणजे पाणी, गटार, रस्ता, दिवे येणार असं जे लोकांना वाटतं तसं काही नसतं, कारण नगरपालिकेच्या विकास आराखड्यामागे निदान एक नगरपालिका उभी असते, तिचा टॅक्स असतो, इंजिनिअर असतो, प्रादेशिक योजनेच्या पिवळ्यामागे तुमची ग्रामपंचायत असते, आणि तिच्याकडे एक ग्रामसेवक, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात तो, तोही कधी कधी दोन गावांना मिळून एक. प्लॉट विकून डेव्हलपर निघून जातो आणि पुढची वीस वर्षं कचरा कोणी उचलायचा, आतला रस्ता कोणी दुरुस्त करायचा यावर मासिक सभेत भांडणं होतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून कळकळीने सांगतोय.

पाण्याचा हिशोब करून बघा, कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांचं काम आहे. जलजीवन मिशनमध्ये गावाची योजना माणशी रोज ५५ लिटरवर काढलेली असते. तुमचं गाव अडीच हजारांचं धरलं तर रोजचं पाणी झालं १,३७,५०० लिटर. आता डोंगराच्या कडेला दोनशे बंगल्यांची स्कीम आली, घरटी पाच माणसं आणि शहरी पद्धतीने माणशी १३५ लिटर धरलं तर १,३५,००० लिटर. म्हणजे दोनशे बंगले तुमच्या अख्ख्या गावाएवढं पाणी पिणार, त्यात बाग आणि स्विमिंग पूल धरलेलाच नाही. ते पाणी येणार कुठून, तर त्याच खडकातून जिथून तुमच्या सार्वजनिक विहिरीला येतं. बेसॉल्टमध्ये म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी पिशवीसारखं भरून ठेवलेलं नसतं, भेगांत आणि कुजलेल्या मुरुमात असतं, वरच्या बाजूला चार खोल बोअर लागले की खालची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. भूजल सर्वेक्षण खात्याच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांची पाणीपातळी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला. तुमच्या पाणलोटातल्या विहिरीचे मागच्या दहा वर्षांचे मेचे आकडे जिल्हा कार्यालयातून मागून घ्या. हा एक कागद सुनावणीत शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त काम करतो.

आता माझा मुख्य मुद्दा, बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. योजना करताना दोन नकाशे होतात. पहिला विद्यमान जमीन वापराचा, म्हणजे आज जागेवर काय आहे. दुसरा प्रस्तावित वापराचा, म्हणजे पुढे काय व्हावं. गावं सगळी दुसऱ्या नकाशावर भांडतात, पहिला कोणी उघडूनही बघत नाही. पण खरा निकाल पहिल्यातच लागलेला असतो. त्यात ओढा दिसला नाही तर दुसऱ्यात त्या जागी घरं येणारच, पाणंद म्हणजे शेतांमधली वाट दाखवली नाही तर तिच्यावर कंपाऊंड येणार, आणि डोंगरउतार पड म्हणून दाखवला की कोणाच्या तरी नजरेत ती रिकामी जागा असते.

यात कोणाची बदमाशी असलीच पाहिजे असं नाही, बऱ्याचदा नसते. जिल्ह्याचा एकत्र नकाशा साधारण १:५०,००० च्या स्केलवर असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जागेवर ५० मीटर. पेनाची एक जाड रेघ ५० मीटरचा पट्टा खाते, आणि तीच रेघ दोनशे मीटर लांब गेली की एक हेक्टर झालं, अडीच एकर. तुमचा सात-आठ मीटरचा ओढा त्या स्केलवर केसाएवढा होतो, डोळ्याला दिसतही नाही. गावाचे नकाशे मोठ्या स्केलवर असतात, पण मूळ नकाशे इंग्रजांच्या काळात साखळीने मोजलेले, नंतर जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले, हद्दी बदलल्या, आणि काही ठिकाणी जुन्या नकाशावर असलेला ओहळ गटाच्या नकाशात उतरलाच नाही. वरून उपग्रहाचा फोटो जोडला तर तो उन्हाळ्यातला निघतो कारण पावसाळ्यात ढग असतात. उन्हाळ्यात कोरडा ओढा आणि नांगरलेलं रान वरून सारखंच दिसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्यात आमची टीम सर्व्हेला गेली ती एप्रिल-मेमध्ये, गावाचं नाव सांगत नाही. स्टँडच्या मागे सपाट रान होतं, खालच्या अंगाला कोणीतरी ओढा बुजवून भुईमूग घेतलेला, आम्ही शेती म्हणून नोंद केली आणि पुढे गेलो. स्टँडजवळची सपाट जागा म्हणून प्रस्तावात ते पिवळं झालं, ते होणारच होतं. आठ-नऊ वर्षांनी तिथे तीन एकराचा लेआउट पडला, कागद सगळे बरोबर, नकाशात नाला नाही म्हणून सोडायची जागा पण नाही. मग एका श्रावणात रात्री पाऊस झाला आणि चौदा घरांत कमरेएवढं पाणी. जीव कोणाचा गेला नाही. मी दोन दिवसांनी गेलो तेव्हा एक बाई अंगणातल्या दोरीवर घरकर्जाचे कागद एकेक करून चिमट्याने वाळत घालत होती, कपडे घालतात तसे. तिने मला ओळखलं पण नव्हतं, सरकारी माणूस दिसला म्हणून फक्त विचारलं, साहेब, इथे ओढा होता हे तुमच्याकडे लिहिलेलं नव्हतं का? शेजारी एक म्हातारा मेंढपाळ उभा होता, तो म्हणाला भाद्रपदात इथे म्हशी डुंबायच्या. सर्व्हेच्या वेळी त्याला आम्ही विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत दाखवलं असतं. तो तिथेच होता, आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे एक पद्धत ठेवली आणि तीच तुम्हाला सांगतो, यासाठी ना कन्सल्टंट लागतो ना पैसा. भूमी अभिलेखकडून गावाचा गटांचा नकाशा घ्या, जुन्या सर्व्हे नंबरच्या नकाशाची नक्कल मिळाली तर ती पण घ्या, दोन्ही सारख्या स्केलवर झेरॉक्स करून एकावर एक ट्रेसिंग ठेवा. मग पायी निघा. बरोबर पोलीस पाटील, एखादा गुराखी किंवा मेंढपाळ, पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा असेल तर तो, आणि दोन तरी म्हाताऱ्या बायका, कारण पूर्वी पाणी कुठून आणायचो आणि कुठल्या वाटेने धुण्याला जायचो हे बायकांना जेवढं पाठ असतं तेवढं पुरुषांना नसतं. निळ्या पेन्सिलने प्रत्येक ओढा, ओहळ, झरा, जिथे पावसाळ्यात चिखल आठ दिवस राहतो ती जागा, जुनी विहीर. तपकिरीने पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, मग ती आज काट्यांनी बुजलेली असली तरी. जिथे वाडी-वस्ती आहे पण नकाशात नाही तिथे घरं मोजून टिंब. धनगरवाडा, कातकरी वाडी, ठाकरवाडी, ही ठिकाणं विद्यमान वापरात हमखास सुटतात, आणि एकदा सुटली की पुढे त्यांना स्मशानभूमीसुद्धा मिळत नाही. तुमच्याकडे असतील तर आधी त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

पाऊस असतानाच एक फेरी करा, आणि मोबाईलने फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा म्हणजे तारीख-वेळ-जागा तिन्ही त्यात येतात. बागायत कुठे आहे ते सिद्ध करायला आता ई-पीक पाहणीच्या नोंदी आहेत, २०२१ पासून राज्यभर चालू आहेत, सातबारावर जिरायत लिहिलेलं असलं तरी तीन-चार वर्षं तिथे ऊस किंवा भाजीपाला नोंदलाय हे दाखवता येतं. हे सगळं झालं की ट्रेसिंगवर ग्रामसभेचा ठराव घ्या की हा आमच्या गावाचा आजचा वापर आहे, आणि प्रारूप म्हणजे योजनेचा मसुदा प्रसिद्ध व्हायच्या आधीच सहायक संचालक, नगररचना यांच्या ऑफिसला द्या, पोच घेऊन. आधीच, हे महत्त्वाचं. सर्व्हेचं काम चालू असताना दिलेला नकाशा ड्राफ्ट्समनच्या टेबलावर जातो, प्रारूप छापून झाल्यावर दिलेला हरकतींच्या गठ्ठ्यात.

उतारांचं थोडं वेगळं बोलायला पाहिजे कारण तुम्ही डोंगरपायथ्याला आहात. १:५ पेक्षा जास्त उतार, म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ, तिथे बांधकाम नको हा नियम आपल्याकडे आहे. पण उतार मोजायचा कसा आणि कुठल्या तुकड्यात यावरच सगळा खेळ होतो, डोंगर तोडून पायऱ्या केल्या की प्रत्येक पायरी सपाटच दिसते. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दरड कोसळून दीडशेवर माणसं गेली. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळिये, २०२३ च्या जुलैत खालापूरमध्ये इर्शाळवाडी. ही तिन्ही जुनी गावं-वाड्या होती, कोणी बिल्डरने वसवलेली नव्हती, म्हणून प्रश्न फक्त नव्या बांधकामाचा नाही, जी माणसं आज उताराखाली राहतात त्यांना पुढे सरकायला सुरक्षित जागा योजनेत राखून ठेवलीय का हा पण आहे. तुमच्या गावात कुठे दर पावसाळ्यात भेगा पडतात, कुठे झाडं वाकडी होतायत, कुठे अचानक गढूळ झरा फुटतो, ते त्या ट्रेसिंगवर लाल पेन्सिलने यायला हवं. नदीकाठ असेल तर जलसंपदा खात्याच्या पूररेषा मागा, निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर-सांगलीकडे जे झालं त्यानंतर तर ह्या दोन रेषा नकाशावर नसताना पिवळं मागणं म्हणजे आपल्याच माणसांना पाण्यात बसवणं आहे.

बरं, मग वाढ होऊच द्यायची नाही का? द्यायची, द्यायलाच पाहिजे. शेतकऱ्याची तक्रार खरी आहे आणि मी ती कधी हलक्यात घेतली नाही. तो म्हणतो शहरवाल्यांना हिरवं बघायला पाहिजे म्हणून आम्ही जमीन हिरवी ठेवायची, आणि रस्त्यापलीकडच्याची पिवळी म्हणून त्याला दसपट भाव. दोन पोरांची लग्नं झाली, गावठाणात इंचभर जागा नाही, मळ्यात घर बांधलं तर ते बेकायदा. ह्याला उत्तर दिलंच पाहिजे, आणि अख्खं गाव पिवळं करणं हे ते उत्तर नाही कारण त्या पिवळ्यात पहिलं घर तुमच्या पोराचं उभं राहत नाही, ज्याच्याकडे रोकड आहे त्याचं राहतं.

उत्तर गावठाणाच्या कडेला आहे. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आलं तेव्हापासून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला रहिवासासाठी वेगळी अकृषिक परवानगी काढत बसायची गरज राहिली नाही, अर्थात पूररेषा, उतार, वनजमीन अशा ठिकाणी नाही. शिवाय २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर जी एकत्रित विकास नियमावली आलीय, युडीसीपीआर म्हणतात ती, तिच्यातही गावठाणापासून ठराविक अंतरापर्यंत शेती झोनमध्ये प्रीमियम भरून रहिवासाची सोय आहे. शेती झोनमध्ये फार्महाऊस चालतं, किमान ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर जमीन लागते, पोल्ट्री, गोठा, शेतमालाचं गोडाऊन, प्रक्रिया उद्योग, कृषी पर्यटन अशा बऱ्याच गोष्टी बसतात. म्हणजे हिरवा म्हणजे सगळं बंद असं नाही, लोकांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

तर गावाने मागायचं ते असं की गावठाणाला लागून, शाळा आणि टाकीपासून चालत जाता येईल एवढ्या टप्प्यात, दोन किंवा तीन ठिकाणी सलग विस्तार द्या. मात्र तो किती, हा आकडा गावाने स्वतः काढून न्यायचा. उदाहरण घेतो, आकडे समजुतीसाठी आहेत. एक बाजारगाव २००१ ला ८,००० होतं, २०११ ला १०,०००. दर दहा वर्षाला सारखे दोन-दोन हजार वाढतील असं धरलं तर २०४१ ला १६,०००. दर दहा वर्षाला २५ टक्के धरले तर साडेएकोणीस हजार. हेक्टरी शंभर माणसं धरली तर पहिल्या हिशोबाने ६० हेक्टर जादा जमीन लागते, दुसऱ्याने ९५. फक्त सूत्र बदललं आणि ३५ हेक्टरचा फरक पडला, शहाऐंशी-सत्त्याऐंशी एकर. म्हणून कुठलं सूत्र वापरलंय आणि का, हे योजनेच्या अहवालात शोधा, नकाशापेक्षा अहवाल वाचणं कंटाळवाणं असलं तरी वाचा.

आणि एक मोठी अडचण सध्या अशी आहे की २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ला ठरलीय, म्हणजे आज जो कोणी योजना करतोय तो २०११ च्या आकड्यांवर उभा आहे. हायवे त्यानंतर आला असेल तर ते आकडे तुमचं गाव सांगतच नाहीत. त्यामुळे घरगुती वीज मीटर किती वाढले, नळजोडण्या किती, रेशनकार्डं किती, जिल्हा परिषद शाळेचा पट काय आहे, हे वर्षावार काढा. यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, मीटर दुप्पट झालेत आणि पट मात्र कमी झालाय असं असेल तर गावात माणसं वाढलेली नाहीत, कुलुपं वाढलीत. काही शनिवार-रविवारवाल्यांची, काही आपल्याच चाकरमान्यांची. अशा गावाला आणखी पिवळं कशाला लागतं?

त्याच्याही आधी जुन्या योजनेचा हिशोब मागा. तेव्हा तालुक्यात किती हेक्टर पिवळं दिलं होतं, त्यातलं आज किती बांधलंय? माझ्या अनुभवात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर अडचणीचं असतं. वरच्याच उदाहरणात जुन्या योजनेतलं शंभर-सव्वाशे हेक्टर पिवळं अजून मोकळं पडलं असेल तर नवीन कशाला? ते का मोकळं आहे ते आधी बघा, बहुतेक वेळा रस्ता नसतो, नाहीतर एकाच माणसाने घेऊन भाव वाढायची वाट बघत ठेवलेलं असतं. आणि दुसरीकडे हिरव्यात नोटरीवर एक-एक, दोन-दोन गुंठे विकले गेलेले असतात, तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे तरी, आणि तिथे दीड-दोनशे घरं उभी राहिलीत ज्यांना ना रस्ता ना गटार. ही घरं पहिल्या नकाशात खरी दाखवा. लपवून कोणाचंच भलं होत नाही, दाखवली तर निदान त्यांच्यातून रस्ता काढण्याचा विचार तरी होतो.

हायवेच्या दोन्ही बाजूंना पट्टा मागण्याचा मोह सगळ्या गावांना होतो, त्याला मी नेहमी विरोध केलाय आणि आजही करतो. रस्त्याकडेला एक ओळ दुकानं आणि धाबे झाले की मागची शेती कोंडते, प्रत्येकाला दुभाजकात आपली फट पाहिजे असते, आणि शाळेची पोरं त्याच फटीतून पलीकडे पळतात. त्यापेक्षा पाच-सहा गावांत मिळून एक बाजारगाव ठरवा, जिथे आठवडे बाजार, प्राथमिक आरोग्य केंद्र, स्टँड आधीच आहे, आणि म्हणा की वाढ तिथे द्या, आमच्या गावाला तिथपर्यंतचा रस्ता चांगला द्या. सहा ग्रामपंचायतींचा असा एकत्र ठराव मी एकदाच बघितला आणि प्रादेशिक नियोजन मंडळाच्या बैठकीत त्याच्यावर अर्धा तास चर्चा झाली, एरवी एका गावाला दोन मिनिटं मिळत नाहीत.

गोव्याचं उदाहरण सांगतो, मराठी माणसाला जवळचं आहे आणि दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. तिथे २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला, त्यात डोंगर, शेती, बागायत बघता बघता वस्तीत गेल्याचं लोकांना दिसलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि काही महिन्यांत, २००७ च्या सुरुवातीला, सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांना घेऊन टास्क फोर्स नेमला आणि २०२१ च्या आराखड्यासाठी गावोगावी नकाशे पाठवून ग्रामसभांकडून दुरुस्त्या मागवल्या. लोकांनी खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनी, झरे, देवराया, पायवाटा नकाशावर घातल्या. आपल्या देशात एवढ्या खालपर्यंत प्रादेशिक योजना गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण पुढचं पण ऐका. २०२३ मध्ये तिथल्या नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घातलं, कारण दिलं की आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करायच्या आहेत, आणि त्या दुरुस्तीच्या नावाखाली एकेक प्लॉट घेऊन झोन बदलायला लागले. लोक कोर्टात गेले, २०२५ मध्ये हायकोर्टाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. म्हणजे बघा, पहिल्या नकाशातली चूक ही नुसती चूक राहत नाही, पुढे कोणाला तरी ती दरवाजासारखी वापरता येते. आपल्याकडेही मंजूर योजनेत १९६६ च्याच कायद्याच्या कलम २० खाली झोन बदलता येतो, नोटीस निघते, हरकती मागवतात, पण ती नोटीस पेपरच्या आतल्या पानात एका चौकोनात असते आणि गावात तो पेपर येतच नाही. कोणी एजंट येऊन झोन बदलून देतो म्हणून पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.

प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींना किमान चार महिने असतात. चार महिने भरपूर वाटतात, पण नकाशा तालुक्याला बघायला मिळेपर्यंत एक जातो, सणवारात एक जातो. हरकत एका पानाची ठेवा. गट नंबर, नकाशाच्या शीटचा नंबर, प्रारूपात काय दाखवलंय, जागेवर काय आहे, काय बदल पाहिजे, सोबत भाग नकाशा आणि फोटो. भावनिक लिहू नका, अन्याय झाला वगैरे, सुनावणी घेणाऱ्या समितीसमोर त्या दिवशी दोनशे माणसं असतात आणि ज्याचा कागद वाचता येतो त्याचं काम होतं. ग्रामपंचायतीची एक सामूहिक हरकत आणि ज्याची त्याची वैयक्तिक वेगळी, दोन्ही द्या. सुनावणीच्या तारखेला जा, नाही गेलात तर गैरहजर असा शेरा पडतो आणि विषय संपतो. जाताना त्या मेंढपाळाला किंवा म्हाताऱ्या आजींना घेऊन जा, मी समितीच्या बाजूला बसलेलो असताना एका आजींनी बोट ठेवून सांगितलं होतं की ह्या जांभळाच्या झाडाखाली बारमाही पाणी आहे, आणि ती रेघ तिथल्या तिथे बदलली.

राहिला गायरानाचा प्रश्न. टाकू नका. गायरान गावाच्या नावावर दिसलं तरी विकायला किंवा वाटायला गाव मोकळं नाही, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैत आपल्या सरकारने गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर कडक बंधन घालणारा निर्णय काढला. पिवळ्यात गेलेल्या गायरानावर आधी डोळा पडतो तो बाहेरच्याचा. पण नुसतं हिरवं ठेवूनही भागणार नाही, त्याची हद्द मोजून घ्या, दगड लावून घ्या, आणि त्यातला चराईचा भाग कोणता, पाण्याच्या टाकीला आणि सबस्टेशनला लागणारा तुकडा कोणता, घनकचऱ्याला कोणता, स्मशानाला वाट कुठून, हे ग्रामसभेत ठरवून त्याच ट्रेसिंगवर लिहा. वीस वर्षांनी दवाखाना वाढवायचा म्हटलं तर गावाकडे स्वतःची दुसरी जागा नसेल. मोजणीचा अर्ज या आठवड्यातच करा, कारण मोजणीची तारीख मिळायलाच काही महिने जातात आणि दगड लागलेला नकाशा सुनावणीच्या आधी हातात पाहिजे.